पाईपलाईन कुणाच्या रानातून जाणार? उमेदवाराची भूमिका पारखून घेण्याची पद्धत

२०२४ च्या विधानसभा निवडणुकीत आमच्या गावी, सांगलीच्या पूर्वेकडच्या दुष्काळी पट्ट्यात, एक उमेदवार पारावर आले. हार झाले, नारळ झाला, भाषण झालं. "तुमच्या तलावात पाणी सोडल्याशिवाय स्वस्थ बसणार नाही," असं म्हणून त्यांनी हात जोडले. टाळ्या थांबल्यावर मागे बसलेल्या एका आजींनी विचारलं, "त्ये समदं खरं, पर पाईपलाईन कुणाच्या रानातनं न्हेणार, तेवढं सांगा की."

उत्तर आलं नाही. ज्यांच्या रानातून ती जायला हवी होती ते गृहस्थ उमेदवाराच्या शेजारीच उभे होते, हार घेऊन.

पहिल्यांदा मतदान करणाऱ्या पोरांना मी हा किस्सा सांगतो. तलावात पाणी यावं असं गावात कुणाला वाटत नाही? मग "पाणी आणू" म्हणण्यात उमेदवाराचं काय गेलं? एकही मत गेलं नाही. अमक्याच्या बांधावरून लाईन नेऊ, तो रागावला तरी नेऊ, असं कुणी म्हणालं तर ती भूमिका. बोलल्यामुळे काहीतरी गमवावं लागतं, तेव्हाच बोलण्याला वजन येतं. ते वजन कसं करायचं, हे मला इतक्या वर्षांत जमेल तसं जमलं, ते पुढे क्रमाने लिहितो.

१. प्रचाराचा भोंगा वाजायच्या आधी आपली वही लिहा

प्रचार सुरू झाला की मुद्देही उमेदवारच ठरवतात आणि त्यांची उत्तरंही तेच देतात. म्हणून आधी घरात बसून आपले मुद्दे लिहून काढा. तीन पुरेत, फार तर चार. "विकास" हा मुद्दा नाही. "बारावीनंतर मुलीला तालुक्याच्या कॉलेजला जायला सकाळी सातची एसटी नाही" हा मुद्दा आहे. "आरोग्य" लिहू नका. "प्राथमिक आरोग्य केंद्रात रात्री डॉक्टर नसतो" असं लिहा. मुद्दा जितका बारीक, तितकं त्यावरचं उत्तर तपासणं सोपं जातं.

घरात एकमत होणार नाही, होऊही नये. आईचा मुद्दा आणि तुमचा मुद्दा वेगळा असेल तर वहीची दोन पानं करा.

२. निवडणूक कशाची आहे ते बघा

ही पायरी नवखे मतदार हमखास गाळतात, आणि अनुभवी उमेदवारांना ते ठाऊक असतं. नगरसेवकाच्या निवडणुकीत सीमेवरच्या युद्धाची भाषणं होतात आणि लोकसभेला गटाराची. ऐकायला बरं वाटतं, पण ज्याच्या हातात जी गोष्ट नाही, त्याची त्यावरची भूमिका कितीही ठाम असली तरी तिचा तुम्हाला उपयोग थोडाच.

कांद्याचं उदाहरण घ्या. निर्यातबंदी डिसेंबर २०२३ मध्ये आली, मे २०२४ मध्ये उठली. दोन्ही निर्णय दिल्लीत झाले, परकीय व्यापार महासंचालनालयाच्या अधिसूचनेने. आता नाशिक जिल्ह्यातला विधानसभेचा उमेदवार "निर्यातबंदी होऊ देणार नाही" म्हणाला, तर तो तुम्हाला खासदाराचं काम आमदारकीच्या खात्यात विकतोय. तोच माणूस बाजार समितीतल्या वजनमापाबद्दल किंवा राज्याने द्यायच्या अनुदानाबद्दल काय म्हणतो ते विचारा. तिथे आमदाराचा हात पोचतो.

ढोबळ वाटणी लक्षात ठेवायला सोपी आहे. रेल्वे, राष्ट्रीय महामार्ग, शेतमालाचा हमीभाव, उसाची एफआरपी (कारखान्याने उसाला द्यायचा किमान दर) ही केंद्राकडची कामं, म्हणजे खासदाराला विचारायची. पोलीस, एसटी, पाटबंधारे, सरकारी नोकरभरती हे राज्याचं. पिण्याचं पाणी, कचरा, गल्लीतले रस्ते महापालिका-नगरपालिकेचे. ग्रामीण भागात प्राथमिक शाळा आणि आरोग्य केंद्रं जिल्हा परिषदेकडे. विजेचे दर राज्य वीज नियामक आयोग सुनावणी घेऊन ठरवतो, त्यामुळे "बिल निम्म्यावर आणतो" म्हणणाऱ्याला लगेच विचारायचं: सरकार अनुदान देणार का, आणि किती?

महापालिकेत आणखी एक गंमत आहे. महापौरांचा मान मोठा, गाडी मोठी, पण प्रशासनाची चावी राज्य सरकारने नेमलेल्या आयुक्तांकडे. पैशाचे निर्णय स्थायी समितीत होतात. म्हणून नगरसेवकपदाच्या उमेदवाराला मी विचारतो, "तुम्ही कुठल्या समितीत जाणार?" बऱ्याच जणांना हा प्रश्न पहिल्यांदाच ऐकायला मिळतो, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसतं. शिवाय मुंबई सोडली तर बहुतेक महापालिकांत एका प्रभागातून तीन-चार नगरसेवक निवडून जातात. तिथे सगळी बटणं एकाच चिन्हाची दाबायची सक्ती नाही. प्रत्येक जागेचा उमेदवार वेगळा तोलता येतो.

३. वाक्य जसंच्या तसं उतरवा आणि क्रियापद बघा

आपल्या मुद्द्यावर उमेदवार नेमकं काय बोलला, कुठे आणि कधी, हे शब्दशः लिहा. व्हॉट्सॲपवर आलेली तीस सेकंदांची क्लिप लिहू नका. पूर्ण भाषण किंवा त्याच्या स्वतःच्या पानावरची पोस्ट शोधा. क्लिपच्या आधीच्या आणि नंतरच्या मिनिटात अनेकदा अर्थ उलटा होतो, आणि हल्ली तर आवाजही बनवता येतो.

मग वाक्यातल्या क्रियापदाखाली रेघ मारा. आपल्या राजकीय मराठीने न बांधून घेता बोलायची कला फार उंचीला नेलीय. "पाठपुरावा करू" म्हणजे पत्र लिहू. "प्रश्न मार्गी लावू" म्हणजे मार्ग कुठला ते विचारू नका. "सकारात्मक आहोत" म्हणजे अजून काही ठरलेलं नाही. "तत्त्वतः मान्यता मिळाली" हे माझं आवडतं: तत्त्व मिळालं, पैसे नाहीत. आणि "निधी खेचून आणला" या वाक्याला तर फलक लावायची परंपराच आहे.

फलकांवरून आठवलं. सरकारी काम कुठपर्यंत आलं हे ओळखता आलं की निम्मी भाषणं आपोआप हलकी होतात. आधी प्रशासकीय मान्यता मिळते. मग तांत्रिक मान्यता, म्हणजे अभियंत्यांनी नकाशा आणि अंदाजपत्रक तपासणं. मग निविदा निघते. ती मंजूर झाली की ठेकेदाराला कार्यारंभ आदेश मिळतो, ज्याला सगळे वर्क ऑर्डर म्हणतात. त्यानंतर खोदाई. भूमिपूजनाचा नारळ यांतल्या कुठल्याही टप्प्यावर फुटतो, कधी पहिल्याच्याही आधी. त्यामुळे "रस्ता मंजूर करून आणला" असं कानावर आलं की एवढंच विचारा: "वर्क ऑर्डर कुठल्या तारखेची?" ज्याने खरंच काम केलंय तो तारीख तोंडपाठ सांगतो.

४. हिशेब घाला

गणित चौथीचं लागतं, भीती बाळगू नका. २०२४ ला दोन्ही आघाड्यांनी बहिणींना पैसे द्यायचं आश्वासन दिलं होतं. महायुतीने लाडकी बहीण योजनेतले महिन्याचे १५०० चे २१०० करू म्हटलं, महाविकास आघाडीने ३००० देऊ म्हटलं. लाभार्थी २ कोटींच्या वर होत्या. हिशेबाला २ कोटीच धरू. १५०० रुपयांनी वर्षाला ३६ हजार कोटी होतात. २१०० ने ५० हजार ४०० कोटी. ३००० ने ७२ हजार कोटी. राज्याचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प ७ लाख कोटींच्या घरातला आहे, आणि पगार, निवृत्तिवेतन आणि व्याज यांतच महसुलाचा निम्म्याहून अधिक भाग जातो.

योजना चांगली की वाईट हे मी सांगत नाही. माझ्या घरातच त्यावर दोन मतं आहेत. पण जो उमेदवार आकडा सांगतो, त्याने तो कुठल्या खिशातून येणार हेही सांगायला हवं: नवा कर, जास्त कर्ज, की दुसऱ्या खात्याची कपात? सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये जाहीरनाम्यांबद्दल मार्गदर्शक सूचना करायला निवडणूक आयोगाला सांगितलं. त्यानुसार आश्वासनामागचं कारण आणि त्यासाठीचा पैसा साधारण कुठून येणार हे जाहीरनाम्यात दिसावं, अशी अपेक्षा आदर्श आचारसंहितेत आहे. अपेक्षाच आहे, म्हणून पक्ष ती कशी पाळतात ते जाहीरनामा उघडून स्वतः बघा. वाचायला वेळ मात्र कमी मिळतो: २०२४ ला भाजप आणि महाविकास आघाडी, दोघांचे जाहीरनामे १० नोव्हेंबरला आले आणि मतदान होतं २० तारखेला.

आमदाराच्या स्वतःच्या हातचा पैसा म्हणजे स्थानिक विकास निधी, वर्षाला ५ कोटी. खासदारालाही तेवढाच, मतदारसंघ मात्र कितीतरी मोठा. त्यामुळे एका आमदाराने "माझ्या निधीतून" ५० कोटींचा पूल बांधायचं म्हटलं, तर वहीत उद्गारचिन्ह काढून पुढे जा.

५. शपथपत्र भूमिकेशेजारी ठेवून वाचा

२००२ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापासून उमेदवाराला आपली संपत्ती, कर्ज, शिक्षण आणि गुन्ह्यांची माहिती शपथेवर द्यावी लागते. विधानसभा-लोकसभेला तो नमुना २६ असतो. निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर तो मिळतो, आणि मायनेता या संकेतस्थळावर त्याचा सारांशही.

बहुतेक लोक एकूण संपत्तीचा आकडा बघून "बापरे" म्हणतात आणि बंद करतात. त्यात काही हाती लागत नाही. जमिनींची यादी वाचा. तिथे गाव आणि गट नंबर असतात. उमेदवार "बाह्यवळण रस्ता पूर्वेकडूनच हवा" म्हणत असेल आणि त्याची किंवा बायकोची जमीन पूर्वेकडेच असेल, तर भूमिका चुकीची ठरते असं नाही, पण तिचं कारण कदाचित तुम्हाला सांगितलं त्याहून वेगळं असेल. भागीदारी आणि शेअर्सचा रकाना वाचा. वाळू, खडी, शाळा, दारूचं दुकान, जे असेल ते तिथे सापडतं. देणी आणि सरकारी थकबाकी बघा.

गुन्ह्यांचा रकाना नीट, सावकाश वाचा. जुन्या भारतीय दंड संहितेची कलमं १४३, १८८, ३४१ दिसली तर बहुधा जमाव, मनाई आदेश, रस्ता अडवणं असं काहीतरी असतं. आंदोलनं करणाऱ्याच्या नावावर ती असणारच. ४२० म्हणजे फसवणूक. दोन्ही प्रकारांना "१२ गुन्हे दाखल" असा एकच शिक्का मारणं आळशीपणाचं आहे. पक्षाने गुन्हे असलेला उमेदवार का दिला याची कारणं जाहीर करावीत, निव्वळ निवडून येण्याची क्षमता हे कारण चालणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगितलंय. ती छापलेली कारणं शोधून वाचा, करमणूकही होते.

आमच्या जिल्ह्याच्या ऊसपट्ट्यात शपथपत्रापेक्षा एक सोपी कसोटी आहे. उमेदवार साखर कारखान्याचा अध्यक्ष किंवा संचालक असेल आणि "शेतकऱ्याच्या घामाला दाम" म्हणत असेल, तर विचारायचं: तुमच्या कारखान्याने गेल्या हंगामाची एफआरपी किती दिवसांत दिली? ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ती १४ दिवसांत द्यायची असते. थकबाकीदार कारखान्यांवर पुण्याचं साखर आयुक्तालय वसुलीची कारवाई करतं आणि त्या बातम्या स्थानिक वर्तमानपत्रांत येतात. या माणसाला भूमिका मांडायची गरजच नाही. हंगामागून हंगाम तो ती जगलाय.

६. आधी निवडून आला असेल तर सभागृहातली नोंद काढा

विद्यमान आमदार असेल तर विधानमंडळाच्या संकेतस्थळावर कामकाजाची नोंद मिळते: तारांकित प्रश्न (मंत्र्याने सभागृहात तोंडी उत्तर द्यायचे), लक्षवेधी (तातडीच्या विषयाकडे सरकारचं लक्ष वेधणाऱ्या सूचना), भाषणं. खासदारांची हजेरी आणि प्रश्न पीआरएस या संस्थेच्या संकेतस्थळावर एकत्र मिळतात. मुंबईत प्रजा फाउंडेशन आमदारांची प्रगतिपुस्तकं काढतं.

इथे नवख्यांची फसगत होते. प्रश्नांची संख्या मोजत बसू नका. वीस आमदारांनी मिळून एका प्रश्नावर सह्या केल्या की वीसही जणांच्या खात्यात तो जमा होतो. आणि मंत्री प्रश्न विचारत नाहीत, ते उत्तरं देतात. मंत्र्याच्या नावापुढे शून्य दिसलं म्हणून तो झोपला होता असं होत नाही. तुमच्या वहीतल्या तीन मुद्द्यांवर त्याने काही विचारलं का, एवढंच शोधा. विधेयकावर कुणी कुठल्या बाजूने मत दिलं हे मात्र सहसा सापडणार नाही, कारण बहुतेक विधेयकं आवाजी मतदानाने मंजूर होतात. "होय"चा आवाज मोठा, झालं. म्हणून भाषणं वाचावी लागतात.

नवा उमेदवार असेल तर त्याची ग्रामपंचायत, सोसायटी, पतसंस्था, शाळेची समिती बघा. कुठेतरी तो माणूस आधी खुर्चीवर बसलेला असतोच.

७. पक्षापुढे त्याचं किती चालतं?

पक्षांतरबंदीचा कायदा १९८५ चा, राज्यघटनेची दहावी अनुसूची. त्यामुळे पक्षादेश, म्हणजे व्हीप निघाला की आमदाराला त्याविरुद्ध मत देता येत नाही. दिलं तर आमदारकी जाऊ शकते. तेव्हा उमेदवाराची वैयक्तिक भूमिका आणि पक्षाची भूमिका यांत अंतर असेल तर मतदानाच्या वेळी पक्षाचीच चालणार हे धरून चला. "मी व्यक्तिशः या प्रकल्पाच्या विरोधात आहे" म्हणणाऱ्याला पुढचा प्रश्न: "पक्षाने बाजूने मत द्यायला सांगितलं तर?" प्रामाणिक माणूस म्हणेल, "मत द्यावं लागेल, पण बैठकीत आणि सभागृहात बोलेन." मला हे उत्तर "राजीनामा देईन"पेक्षा खरं वाटतं.

आणि पक्षही जागेवर राहतील याची खात्री नाही. २०१९ ला निवडून दिलेल्या विधानसभेच्या पाच वर्षांत महाराष्ट्राने तीन मुख्यमंत्र्यांच्या शपथा बघितल्या. त्यामुळे मी आता उमेदवाराने आधी किती पक्ष बदलले हे मोजत नाही, बदलताना त्याचे मुद्दे बदलले का ते बघतो. पक्ष बदलला पण धरणग्रस्तांचा प्रश्न हातातून सोडला नाही, अशी माणसं असतात. थोडी असतात, पण असतात.

८. तोंडावर विचारा

मोठ्या सभेत प्रश्न विचारता येत नाही, तिथे फक्त टाळ्या वाजवता येतात. कोपरा सभा, पदयात्रा, सोसायटीतली बैठक या खऱ्या जागा. तिथेही उमेदवाराकडे दोन मिनिटं असतात आणि मागून कार्यकर्ते "चला साहेब" करत असतात. म्हणून एकच प्रश्न न्या, घरी पाठ करून न्या. उपरोध नको, "तुम्ही पाच वर्षं कुठे होतात" नको. त्याचं उत्तर त्यांच्याकडे तयार असतं.

चांगल्या प्रश्नाचं एक रूप असतं: "दादा, हे केलं तर कुणाची अडचण होईल, आणि त्यांना तुम्ही काय सांगणार?" किंवा "ताई, दोन्हीला पैसे पुरले नाहीत तर आधी पाण्याची टाकी की सभामंडप?" "दोन्ही करू" असं उत्तर आलं तर तेच लिहून घ्या. एका ताईंनी मात्र मला सरळ सांगितलं होतं, "टाकी. मंडपवाले रुसतील, पण टाकी." त्यांना मी मत दिलं. त्या पडल्या, मंडपवाले रुसले होते.

प्रत्यक्ष गाठ पडणार नसेल, तुम्ही पुण्या-मुंबईत किंवा आखातात असाल, तर गावातल्या माणसाला प्रश्न लिहून पाठवा. आखातात राहून नोंदणी केलेल्या भारतीय मतदाराला मतदानासाठी गावच्या केंद्रावरच यावं लागतं, पण प्रश्न विचारायला विमान लागत नाही.

९. आता तोला

प्रत्येक मुद्द्याला दहापैकी गुण देऊन बेरीज करावी असं कुणी सुचवतं. मी करून बघितलंय, जमत नाही. पाण्यावर नऊ आणि जातीद्वेषाच्या भाषणावर एक, यांची बेरीज दहा येते, पण तिला अर्थ काय? त्याऐवजी आधी ठरवा की कुठल्या गोष्टीला आपण काहीही झालं तरी मत देणार नाही. त्या रेषेच्या अलीकडे जे उरतील त्यांच्यातच तुलना करा. तुलना करताना प्रत्येक भूमिकेपुढे चार घरं आखा: हातात आहे का, पैसा सांगितला का, आधी तसं वागला का, नाराजी पत्करली का. चारही घरं भरलेला उमेदवार मला आजवर भेटलेला नाही. दोन भरली तरी वही वाया गेली नाही.

कुणीच पसंत पडलं नाही तर नोटा, म्हणजे "यांपैकी कुणीही नाही"चं बटण आहे, २०१३ पासून. पण विधानसभा-लोकसभेत नोटाला सगळ्यांत जास्त मतं पडली तरी त्याच्या खालचा उमेदवार निवडून येतो, हे माहीत असू द्या.

मतदान संपण्याच्या आधीचे ४८ तास जाहीर प्रचार बंद असतो. भोंगे थांबलेले असतात, म्हणून मी वही याच काळात उघडतो. गल्लीत पाकिटं फिरतात तीही याच काळात, त्यामुळे दार लावून घेतलेलं बरं. केंद्रात मोबाईल नेता येत नाही, आणि तुम्ही कुठलं बटण दाबलं ते कुणालाही कळत नाही, पाकीट देणाऱ्यालाही नाही.

वही निकालानंतर रद्दीत घालू नका. निवडून आला तो तुमचा उमेदवार असो वा दुसरा, त्याची वाक्यं तुमच्याकडे तारखेसकट आहेत. जाहीरनाम्याची फाईलही उतरवून ठेवा. डिसेंबरात नागपूरला हिवाळी अधिवेशन भरलं की विधानमंडळाच्या संकेतस्थळावर त्याचं नाव शोधा. आमच्या आजींचा नातू हे काम करतो. पाईपलाईनबद्दल काही निघालं का, असं त्या त्याला अधूनमधून विचारतात.